स्वामींपुढे हसरा चेहरा कशाला?

प्रश्न : मी 47 वर्षांची आहे, नीलमनगरला राहते. आमचे टॉवेलचे चार माग होते. दिवाळीनंतर ते विकावे लागले. खटखट थांबली तशी घरातली शांतता खायला उठते. पहाटे तीनला जाग येते, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, मग झोप नाही. कशातच मन लागत नाही, भाकरी थापता थापता हात थांबतात. मोबाइलवर एका व्याख्यानात ऐकलं म्हणून रोज वहीत ‘मी आनंदी आहे, माझं सगळं छान चाललं आहे’ असं 21 वेळा लिहिते. स्वामींच्या अकरा माळा करते, गुरुवार धरते. तीन महिने झाले, फरक नाही. उलट लिहून झालं की जास्तच रडू येतं. जाऊबाई म्हणतात, तुझी श्रद्धाच कच्ची, म्हणून गुण येत नाही. कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये. डॉक्टरांकडे जाऊ का? गेले तर स्वामींवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, जा. याच आठवड्यात जा.

आणि ‘सकाळी जागच येऊ नये’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच थांबले. हे आज घरात कुणाला तरी सांगा. यजमानांना सांगा, नाहीतर ज्या शेजारणीजवळ मन मोकळं होतं तिला सांगा. हा विचार पुढे सरकून स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर डॉक्टरांच्या वेळेची वाट बघत बसू नका. 14416 हा सरकारच्या ‘टेली-मानस’चा नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पहाटे तीनलासुद्धा.

आता श्रद्धेचं. यजमान गेले तेव्हा मी 52 वर्षांची होते. जो तो म्हणायचा, खचू नका, चांगले विचार करा. मी रोज सकाळी सिद्धेश्वराला जायची. तळ्यावरून देवळात शिरताना चेहरा नीट करायची आणि हात जोडून ‘सगळं छान आहे, देवा’ म्हणायची. पाच महिने हे केलं. वजन आठ किलो उतरलं. एका सकाळी तेच वाक्य म्हणताना जीभ अडकली. ज्याच्यापुढे रडायला हरकत नव्हती, त्याच्यापुढेही मी खोटं बोलत होते. त्या दिवशी मुलीला फोन केला आणि संध्याकाळी आम्ही दोघी मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो. नऊ महिने गोळ्या घेतल्या. त्या नऊ महिन्यांत देऊळ एक दिवस चुकलं नाही. प्रार्थना मात्र बदलली. ‘आज फार जड आहे’ एवढंच म्हणायची आणि पायरीवर बसायची.

म्हणून ती 21 वेळांची वही बंद करा असं कळकळीने सांगते. लिहून झाल्यावर रडू येतं यात तुमचं काही चुकत नाही. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्यांना स्वतःविषयी आधीच कमीपणा वाटत होता, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तर त्यांचं मन आणखी उतरलं. मन भोळं नसतं. तुम्ही ‘माझं सगळं छान’ लिहिलंत की ते रिकाम्या खोलीकडे बोट दाखवतं, जिथे माग होते.

त्याऐवजी रोज एकच ओळ लिहा, पण खरी. ‘मटकीला छान मोड आले.’ ‘अंगण झाडलं.’ ‘आज रडले, मग चहा केला.’ मी सकारात्मक विचार यालाच म्हणते. आणि मन लागेल तेव्हा उठू, असं ठरवू नका. उदासीत आधी हात हलतात, मन नंतर मागून येतं, म्हणून उपचारातही रोजची छोटी छोटी कामं ठरवून देतात. आपल्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावाला तळं दिलं. हातचं काम हीच पूजा मानणाऱ्या शरणांच्या परंपरेतले ते. दहा भाकऱ्या जमत नसतील तर दोन थापा, तेही पूजेतच धरा.

अकरा माळाही सध्या नकोत. आकडा पुरा करायच्या धास्तीत जप होत नाही, हिशेब होतो. एकच माळ घ्या. मणी ओढताना श्वास सावकाश सोडा, घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी कमी होते, ही शरीराची घडणच आहे, आणि संथ नामस्मरणात ते आपोआप साधतं. पहाटे जाग आली की घड्याळ बघू नका, मोबाइल उचलू नका. अंथरुणात तळमळण्यापेक्षा उठून बसा आणि तेव्हा ही माळ घ्या.

जाऊबाईंना एक विचारा. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. एवढा उंच, जड ध्वज, त्याचा कितीतरी दिवस आधीपासून सराव चालतो. तरी एकच माणूस तो शेवटपर्यंत पेलतो का? माणसं बदलतात, भोवती सांभाळणारे असतात. दुसऱ्याने हात लावला म्हणून पहिल्याची भक्ती कच्ची, असं सोलापुरात कुणी म्हटलंय? तुमच्या खांद्यावर आज जे आहे त्याला डॉक्टरांचा हात लागू दे. स्वामी त्याने रागावतील असं मला मुळीच वाटत नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं ते कागदावर लिहून न्या, समोर गेल्यावर सुचत नाही. पहाटेची जाग, भूक, छातीवरचा दगड आणि ते जाग न येण्याचं वाक्य, जसंच्या तसं. पाळीचंही सांगा. या वयात पाळी जाण्याच्या सुमारास झोप आणि मन दोन्ही बिघडू शकतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासायला सांगतील, कारण यांच्या कमी-जास्तीनेही माणूस असाच गळून जातो. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळलं म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा. बरं वाटलं म्हणूनही मनाने थांबवू नका. बायका विचारतात, सवय लागेल का? उदासीवरच्या या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची नशा लागत नाही. कमी करायच्या वेळी डॉक्टर हळूहळू कमी करतात. गुरुवारचा उपवास आधीच सांगा, त्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते विचारून घ्या.

खर्चाची काळजी असेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, रांग असते.

पत्रात यजमानांबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. माग त्यांचेही गेले. ते झोपतात का, जेवतात का, कुणाशी बोलतात का, मला माहीत नाही. त्यांना सोबतीला म्हणून न्या, आणि खिडकीवर केसपेपर दोघांचे काढा.