घर सासऱ्यांच्या नावावर असले, तरी राहण्याचा हक्क तुमचा आहे

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. वय ३४. गरोदरपणातल्या तपासणीत मला एचआयव्ही असल्याचे कळले, नंतर पतीची तपासणी झाली आणि तेही पॉझिटिव्ह निघाले. आठ वर्षांची मुलगी निगेटिव्ह आहे. ‘तूच हा रोग घरात आणलास’ म्हणत पतीने वर्षानुवर्षे मारहाण केली आणि या पावसाळ्यात आम्हा दोघींना बाहेर काढले. सध्या भावाकडे आहे. वहिनीने माझी ताटवाटी वेगळी ठेवली आहे, आणि आता ‘दुसरीकडे सोय बघा’ असे सांगितले आहे. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणून तिथे माझा हक्क नाही असे सगळे म्हणतात. आश्रयगृहात असा आजार असलेल्या बाईला घेत नाहीत, असेही ऐकले आहे. सासूबाईंचा निरोप आला आहे की मुकाट्याने परत ये. काय करू?

उत्तर : ताई, सासूबाईंच्या निरोपावर विसंबून परत जाऊ नका. त्या घरात राहण्याचा हक्क मागणे आणि मारणाऱ्या माणसाच्या स्वाधीन होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि नातेवाईक त्यांची नेहमी गल्लत करतात. पहिली गोष्ट न्यायालयाच्या आदेशाने, संरक्षणासह मिळू शकते. दुसऱ्या गोष्टीत संरक्षण नसते.

आज रात्रीच्या निवाऱ्यापासून सुरुवात करू. भावाने खरोखरच दार बंद केले, तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा किंवा जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये जा. तिथली सोय थोड्या दिवसांचीच असते, परंतु तिथून तुम्हाला शक्ती सदन या जास्त काळ राहता येणाऱ्या गृहात पाठवता येते, आणि मुलगी तुमच्यासोबत राहू शकते. या गृहांचे मी गोडवे गाणार नाही. बाहेर जाण्यायेण्याचे नियम जाचक वाटतात, खोली चारचौघींची असते, आणि तुमच्यासारख्या स्वतःचा संसार चालवलेल्या बाईला तिथले जेवणाचे वेळापत्रकसुद्धा बोचते. तरीही मार खाण्यापेक्षा किंवा उपकाराच्या ओझ्याखाली रोज अपमान गिळण्यापेक्षा ते बरे, असे माझे मत आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ६ नुसार, संरक्षण अधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याखाली पीडित महिलेच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने, विनंती केल्यावर आश्रयगृहाच्या प्रमुखाने निवारा दिलाच पाहिजे. आधी तक्रार नोंदवलेली नाही एवढ्या कारणावरून तुम्हाला परत पाठवता येत नाही, आणि तुम्ही सांगितल्यास तुमचा ठावठिकाणा पतीला कळवायचा नसतो. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने आजाराच्या कारणावरून निवास नाकारण्यास मनाई केली आहे. तुम्ही ऐकले ते काही ठिकाणी घडतही असेल. तसे घडल्यास नकार लेखी मागा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

गृहातल्या सगळ्यांना आजार सांगण्याची गरज नाही. गोळ्या वेळेवर घेता याव्यात म्हणून समुपदेशिकेला विश्वासात घेतले तर पुरे. गाव बदलण्याआधी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, जाऊन नव्या ठिकाणच्या केंद्राकडे बदलीची चिठ्ठी घ्या, आणि गोळ्या, केंद्राने दिलेली पुस्तिका, आधार कार्ड, मुलीचा जन्मदाखला व बँकेचे पासबुक एका पिशवीत बांधून ठेवा. निवारा शोधण्याच्या धावपळीत गोळ्या मागे पडतात, आणि ती चूक महागात पडते.

आता घराविषयी, कारण तुमची सर्वात मोठी दिशाभूल तिथेच झालेली आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नुसार लग्नाच्या नात्याने तुम्ही ज्या सामायिक घरात राहत होता, तिथे राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. ते घर कुणाच्या नावावर आहे, यावर तो अवलंबून नाही. सासऱ्यांच्या मालकीच्या घराबाबत पूर्वी न्यायालयांचा कल वेगळा होता, परंतु १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पतीच्या नातेवाइकाच्या मालकीचे घरसुद्धा सामायिक घर ठरू शकते, मात्र तिथले तुमचे राहणे केवळ पाहुणपणाचे नसावे. तुम्ही लग्नानंतर तिथेच नांदलात, हे रेशन कार्ड, मतदार यादी आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्यावरून दाखवता येईल. २०१७ च्या कायद्याचे कलम २९ तर एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला सामायिक घरातून, किंवा त्याच्या कोणत्याही भागातून, वगळता येणार नाही असे म्हणते. वेगळी न्हाणी आणि चुलीजवळ बंदी हे सगळे त्यातच येते.

आजार आधी कुणाला झाला, हा प्रश्न तुमच्या निवासाच्या हक्काशी जोडलेला नाही. गरोदरपणी तपासणी होते म्हणून अनेक घरांत बाईचे निदान आधी होते. त्यावरून लागण आधी कुणाला झाली हे ठरत नाही. न्यायालयात प्रतिपक्षाने हाच मुद्दा उगाळला, तर तुमच्या वकिलांना हे ठामपणे सांगू द्या.

अर्ज सासरच्या गावी करावा लागेल अशी भीती बाळगू नका. सध्या तुम्ही जिथे राहता, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तो करता येतो. महिला असल्याने तुम्हाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर विचारा. अर्जात नुसते ‘घरात राहू द्या’ असे मागू नका. कलम १९ खाली न्यायालय पतीला घराबाहेर राहण्यास सांगू शकते, तुम्ही राहता त्या भागात त्याला व त्याच्या नातेवाइकांना येण्यास मज्जाव करू शकते, किंवा त्याच दर्जाची दुसरी जागा देण्यास अथवा तिचे भाडे भरण्यास फर्मावू शकते. सासूबाईंना मात्र घराबाहेर काढण्याचा आदेश मिळत नाही. कायद्याने स्त्रियांना त्यातून वगळले आहे. म्हणून तुमच्या बाबतीत भाड्याची मागणी मुख्य ठेवावी, असे मला वाटते. त्याच ओट्यावर, त्याच सासूबाईंसमोर मुलीला वाढवण्यापेक्षा तिच्या शाळेजवळची एक खोली बरी.

अंतिम निकालाला वेळ लागतो. अर्ज साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा सांगत असला, तरी व्यवहारात तसे क्वचितच घडते, म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेश पहिल्याच तारखेला मागा. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीच्या खटल्याला न्यायालयाने प्राधान्य द्यायचे असते, विनंतीवरून नाव गुप्त ठेवता येते आणि कामकाज बंद दाराआड चालवता येते. पोटगी ठरवताना औषधोपचाराचा खर्च विचारात घ्यावा लागतो. हे चारही मुद्दे अर्जात लिहिलेले आहेत ना, ते स्वतः वाचून पाहा.

तोवर हातात काही पैसा यावा म्हणून तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करा. उत्पन्नाची अट कडक आहे. मुलीसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात होतो. खोली भाड्याने घेताना घरमालकाला आजार सांगण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही, आणि एखाद्याला तो बाहेरून कळला, म्हणून त्याला तुम्हाला बाहेर काढता येत नाही.

वहिनीविषयी थोडेच. ताटवाटीने, एकत्र जेवणाने हा विषाणू पसरत नाही. तुम्ही सांगून ती ऐकणार नाही, तेव्हा एआरटी केंद्राच्या समुपदेशिकेला भावाशी बोलायला सांगा. भावाने मान्य केले, तर अंतरिम आदेश येईपर्यंतचे दिवस तिथेच काढता येतील आणि मुलीची शाळा मध्येच बदलावी लागणार नाही. नाहीच मानले, तर पिशवी तयार आहेच, आणि १८१ वर कोणत्याही वेळी फोन करता येतो.