वाचकांचे प्रश्न : त्या नऊ जणांचे काय झाले?

प्रश्न : बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात येशूमुळे दहा कुष्ठरोगी शुद्ध, म्हणजे रोगमुक्त, होतात, पण आभार मानायला एकच परततो. मग उपकारस्तुती न करणाऱ्याचे आरोग्य देव काढून घेतो का? माझे आजारपण लांबल्यामुळे ही शंका मनात घर करून बसली आहे.

उत्तर : नाही. त्या नऊ जणांचा रोग परतला, असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही. शिवाय ते येशूच्याच आज्ञेनुसार, मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे स्वतःला याजकांना (यहुदी पुरोहितांना) दाखवायला निघाले होते, हे आपण त्यांना दोष देताना सहसा विसरतो. परतला तो शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यापैकी एक. आणि ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ हे शब्द, शरीर आधीच शुद्ध झालेले असताना, त्याला एकट्याला ऐकायला मिळाले. कातडीपलीकडचे, देवाशी नाते जोडणारे आरोग्य ते हेच असावे, असे मला वाटते.

येशूचा प्रेषित पौल याच्या ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारी पीडा, देवाला तीनदा विनवूनही निघाला नाही, तरी ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असे थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिणारा तोच होता. आजार लांबला म्हणून आपली उपकारस्तुती कमी पडली, असे समजू नका. औषधोपचारही चालू ठेवा.