माझा जन्म १ नोव्हेंबरचा, ‘सेल्टिक झाड-राशी’त माझं झाड बोरू येतं. हे खरंच प्राचीन आहे का? आणि सॅमहेनला, म्हणजे १ नोव्हेंबरच्या जुन्या सेल्टिक सणाला, जन्मलेल्यांबद्दल काय मानतात?

प्राचीन वगैरे काही नाही. तेरा झाडांचं ते कॅलेंडर रॉबर्ट ग्रेव्ह्ज नावाच्या इंग्रज कवीने १९४८ च्या पुस्तकात ऑगम या जुन्या आयरिश लिपीच्या अक्षरांवरून जुळवलं, स्वभावबिभाव लोकांनी नंतर चिकटवले. आणि बोरू हे झाड तरी आहे का हो? खरं जुनं बघायचं तर फ्रान्समध्ये कोलिनीला १८९७ मध्ये सापडलेलं काशाच्या पत्र्यावरचं सेल्टिक कॅलेंडर बघा, पाच वर्षांत ६२ महिने, म्हणजे दोन अधिक महिने, आपल्या अधिक मासाचाच भाऊ.

पण जन्मदिवसाच्या समजुती आयर्लंडमध्ये आहेत, आणि त्यावरून आमच्याकडे महाभारत झालंय म्हणून लिहायला बसले.

माझी मुलगी इथे आयर्लंडच्या मेयोमध्ये व्हिट संडे या ख्रिस्ती सणाला झाली, ईस्टरनंतरचा सातवा रविवार, आयरिशमध्ये किंकीश. सासूबाई बाळंतपणाला सांगलीहून आल्या होत्या, त्यांनी पंचांग काढलं तर नक्षत्र आश्लेषा. झालं! आश्लेषाची मुलगी सासूला वाईट, शांत करायलाच हवी. मी म्हटलं आई, आठ दिवसांच्या पोरीच्या सासूची काळजी आत्तापासून? वर विज्ञानावर अर्धा तास लेक्चर दिलं, त्या गप्प बसल्या.

मग शेजारच्या आयरिश आजी बाळ बघायला आल्या. जन्मवार कळल्यावर त्यांचा चेहराच उतरला. किंकीशचं मूल मोठेपणी कुणाला तरी मारतं नाहीतर कुणाच्या तरी हातून मरतं म्हणे, त्यावर उपाय म्हणजे त्याच्या मुठीत माशी नाहीतर किडा ठेवून मूठ दाबायची, हत्या उरकली, विषय संपला. आजींनी खिडकीतली माशी पकडली आणि पोरीच्या इवल्याशा मुठीत चिरडली. आणि मी काय केलं? हसत हसत व्हिडिओ काढला! किती गोड लोककथा वगैरे. सासूबाई किचनच्या दारातून बघत होत्या, एवढंच म्हणाल्या, “तिची माशी चालते, माझा भटजी चालत नाही.”

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. म्हणजे आहे, माशीला पाच मिनिटं लागली आणि शांतीला अख्खा दिवस गेला असता, पण नवरा म्हणतो हे उत्तर नाही.

हां, तुमचं राहिलंच. उच्चार साउइन, सॅमहेन नाही. दिवस संध्याकाळपासून मोजायचे त्यामुळे तो ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्तालाच लागतो, आणि त्या रात्री जन्मलेल्याला इतरांना न दिसणारं दिसतं अशी स्कॉटलंडमध्ये समजूत होती. तुम्ही १ तारखेला दुपारी जन्मला असाल तर बहुतेक सुटलात. आणि किंकीश हा ख्रिस्ती सण आहे, इंबोल्क-बॅल्टना-लूनासासारखा जुना सेल्टिक नाही, हे मला माहितीये, पण माशीवाल्या आजींना कुठे फरक पडत होता.

बोरूचं लॉकेट मात्र घेऊ नका. आणि घरचं कोणी शांत करू म्हणत असेल तर लेक्चर देऊ नका, उपयोग नसतो. सासूबाईंनी सांगलीला परतल्यावर पोरीचा फोटो ठेवून शांत करून घेतलीच, दक्षिणा माझ्या नवऱ्याने भरली, मला दोन वर्षांनी कळलं.