मेश बारीक केली की ताण वाढतोय, मग खरं उत्तर कुठलं?

प्रश्न: सर, मी कोल्हापूरचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट आपल्या काळ्या दगडावर, म्हणजे बेसॉल्टवर घेतलाय. पट्ट्या कापायच्या, मधोमध डायमंड कटरनं खाच मारायची, दोन टेकूंवर ठेवून मधून लोड द्यायचा. सॉफ्टवेअरमध्ये खाच नुसती रेघ म्हणून काढलीय, तर मेश (मॉडेलचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट पाडलेली जाळी) बारीक करेल तसा टोकाचा ताण वाढतच चाललाय, 2 मिमीचे एलिमेंट अर्ध्या मिमीचे केले तर जवळजवळ दुप्पट. आणि यूटीएमवर, म्हणजे लोड देऊन मोडायच्या टेस्टिंग मशीनवर, सहा पट्ट्या मोडल्या तर सहा वेगळे आकडे. काय चुकतंय?

उत्तर: भावा, मेश चुकलेली नाही. एलिमेंट चौपट बारीक आणि ताण दुप्पट, हे जसं यायला पाहिजे तसंच आलंय. धारदार भेगेजवळ ताण टोकापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे टोकावर तो अनंतच, मेश कितीही बारीक कर तो आकडा थांबणार नाही, आणि दगडाच्या ताकदीशी त्याची तुलना करून काही हाताला लागत नाही.

ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअरनं 1921 मध्ये काचेच्या बाबतीत हा प्रश्नच फिरवला. भेग जरा पुढं सरकली तर साठलेली ऊर्जा किती सुटते, आणि नवीन पृष्ठभाग तयार व्हायला किती लागते? सुटणारी पुरली की भेग पळते. मला अजूनही ही कल्पना लय आवडते, कारण टोकावर नेमकं काय चाललंय हे न बघता उत्तर मिळतं. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये जे-इंटिग्रलची (भेग सरकताना सुटणारी हीच ऊर्जा टोकाभोवतीच्या वेटोळ्यावरून काढायची रीत) सोय असेल तर टोकाभोवती लहानमोठी चार-पाच वेटोळी घे, सगळ्यात आतलं सोडून दे, बाकीच्यांचं उत्तर जवळपास सारखं येईल आणि मेश बदलली तरी फारसं हलणार नाही. तोच आकडा धर.

मला खरी काळजी आहे ती तुझ्या खाचेची. सॉफ्टवेअरमध्ये ती रेघ आहे आणि दगडात कटरच्या जाडीएवढी रुंद, बोथट टोकाची. बोथट टोकातून भेग सुटायला जास्त लोड लागतो, म्हणजे दगड आहे त्यापेक्षा चिवट दिसणार, मग दोन्ही आकडे जुळणार कसे? खडकांसाठी 1988 पासून शेव्हरॉन खाचेची सुचवलेली पद्धत आहे, गोल कोअरमध्ये (ड्रिलनं काढलेला दगडाचा दंडगोल) व्ही आकाराची खाच घ्यायची, भेग व्हीच्या टोकातून सुरू होते आणि स्वतःच धारदार होत सावकाश पुढं जाते. ते जमत नसेल तर निदान खाचेच्या तळाला दाढीचं ब्लेड आणि डायमंड पेस्ट घेऊन घासत बस, कंटाळवाणं काम आहे पण कर.

सहा आकडे वेगळे येणं मात्र ठिसूळ मालाचा स्वभावच आहे, वायबुल या स्वीडिश इंजिनिअरनं 1939 मध्ये त्याचंच गणित मांडलं. आपल्या बेसॉल्टमध्ये तर कुठं गॅसच्या बुडबुड्यांची भोकं असतात, कुठं ती दुसऱ्या खनिजानं भरलेली, त्यामुळं सगळ्या पट्ट्या एकाच दगडातून एकाच दिशेनं काप आणि रिपोर्टमध्ये नुसती सरासरी न देता सहाही आकडे दे. कापताना पाणी सोडलं असशील तर पट्ट्या नीट वाळव, ओलाव्यानं भेगेचं टोक कमी लोडलाही सरकतं, पावसाळ्यात तर जास्तच लक्ष दे. यूटीएम लोडवर नको, डिस्प्लेसमेंटवर (लोड नाही, सरकण्याचा वेग ठरवून) चालव, एकदम हळू.

आणि मोडलेले तुकडे टाकले नसशील तर बरं. खाचेची खरी खोली मोडलेल्या तोंडावर व्हर्नियरनं मोज, दोन्ही कडांना आणि मधे, आणि तीच सॉफ्टवेअरमध्ये टाक.