माझ्या प्रोग्राममधून डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कसा चालवायचा? एरर १९३ येतो

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: ऑफिससाठी सी शार्पमध्ये लाँचर बनवलाय, बटण दाबलं की डेस्कटॉपवरचा शॉर्टकट उघडायला हवा. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर सगळं सुरळीत होतं. प्रोजेक्ट डॉटनेट ८ वर आणल्यापासून ईएक्सई चालतात, पण शॉर्टकटवर एरर १९३. आणि आता शॉर्टकटच्या आतलं टार्गेट, म्हणजे तो ज्या प्रोग्रामकडे बोट दाखवतो त्याचा पाथ, काढून थेट तेच चालवायचा तुमचा विचार आहे.

त्या भानगडीत पडू नका. शॉर्टकट आहे तसाच विंडोजच्या हवाली करा. प्रोसेसस्टार्टइन्फोमध्ये फाइलनेम म्हणून शॉर्टकटचा पूर्ण पाथ द्या, यूजशेलएक्झिक्यूट ट्रू करा आणि ते प्रोसेस डॉट स्टार्टला द्या. संपलं काम. जुन्या फ्रेमवर्कमध्ये ही सेटिंग मुळातच ट्रू असायची, त्यामुळे तुम्हाला ती कधी लिहावीच लागली नाही. २०१६ साली डॉटनेट कोअर ही नवी शाखा आली तिथपासून ती फॉल्स आहे, आणि तुमच्या डॉटनेट ८ मध्येही तशीच.

फॉल्स असली की काम क्रिएटप्रोसेस या विंडोजच्या प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनकडे जातं, आणि त्याला खरोखरचा प्रोग्रामच लागतो. शॉर्टकट ही एलएनके एक्स्टेन्शनची छोटीशी बायनरी फाइल. तिच्यात टार्गेट, आर्ग्युमेंट्स, ‘स्टार्ट इन’ फोल्डर, आयकॉन असं सगळं लिहिलेलं असतं आणि ते वाचून अंमलात आणणं हे शेलचं, म्हणजे विंडोजचा डेस्कटॉप सांभाळणाऱ्या भागाचं, काम. क्रिएटप्रोसेस ती फाइल बघतं, हा काही प्रोग्राम नाही म्हणतं, आणि १९३ तोंडावर मारतं.

टार्गेट काढून चालवायला माझा विरोध का, तर सगळ्यात आधी ते ‘स्टार्ट इन’. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेतले हिशेबाचे प्रोग्राम अजून कितीतरी दुकानांत चालू आहेत. त्यातले बरेचसे आपल्या डेटाच्या डीबीएफ फाइली चालू फोल्डरमध्येच शोधतात. नुसती ईएक्सई उचलून चालवली तर तिला चालू फोल्डर म्हणून तुमच्या लाँचरचा फोल्डर मिळतो. मग खिडकी उघडते, पण पहिलाच मेनू दाबला की ‘फाइल सापडत नाही’. डेस्कटॉपवर डबलक्लिक केलं की तोच प्रोग्राम ठणठणीत, त्यामुळे दोष तुमच्या लाँचरवर येतो. शॉर्टकट शेलकडून उघडलात तर ‘स्टार्ट इन’ आपोआप पाळलं जातं. वर्किंगडिरेक्टरी तुम्ही रिकामीच ठेवा.

शिवाय प्रत्येक शॉर्टकटला फाइलचं टार्गेट असतंच असंही नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या गोष्टी, स्टोअरमधली अॅप्स यांच्यासाठी टार्गेटपाथ मागितला की हाती रिकामी स्ट्रिंग येते. इन्स्टॉलरने बनवलेल्या काही शॉर्टकटमध्ये प्रॉपर्टीजमधली टार्गेटची चौकट करडी दिसते. तिथेही खऱ्या ईएक्सईचा पाथ हाती लागत नाही.

आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे मराठी नावं. डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट शेल या विंडोजच्या स्क्रिप्टिंग सोयीतल्या क्रिएटशॉर्टकटची उदाहरणं जिकडेतिकडे सापडतात, पण ते प्रकरण आन्सीच्या, म्हणजे युनिकोडआधीच्या अक्षरसंचांच्या, जमान्यातलं आहे. विंडोजमध्ये देवनागरीला आन्सी कोडपेज कधी नव्हतंच. ‘जमाखर्च’ नावाच्या फोल्डरची तिथे प्रश्नचिन्हं होतात. शॉर्टकट वाचायचा किंवा नवा बनवायचाच असेल तर आयशेललिंकडब्ल्यू हा युनिकोड इंटरफेस वापरा. नुसता चालवायचा असेल तर यातलं काहीच लागत नाही.

आता शॉर्टकट शोधण्याबद्दल. डेस्कटॉपवर ‘हिशेब’ एवढंच दिसत असलं तरी फाइलचं नाव ‘हिशेब.एलएनके’ असतं. फाइलींची एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग चालू केली तरी एलएनके दिसत नाही, विंडोज ते मुद्दाम लपवतं. म्हणून फाइल डॉट एक्झिस्ट्सला दिसतं तेवढंच नाव दिलंत तर उत्तर ‘नाही’ येणार. दुसरं असं की आपल्याला दिसतो तो डेस्कटॉप दोन फोल्डर मिळून बनतो: एक त्या युजरचा, एक सगळ्यांचा पब्लिक. बरेच इन्स्टॉलर पब्लिकमध्ये शॉर्टकट टाकतात, तेव्हा दोन्हीकडे बघा. पाथ हाताने लिहू नका. वनड्राइव्हने बॅकअपसाठी डेस्कटॉप आपल्याकडे हलवलेला असला की तो पाथ चुकतो. एन्व्हायर्नमेंट डॉट गेटफोल्डरपाथला डेस्कटॉपडिरेक्टरी आणि कॉमनडेस्कटॉपडिरेक्टरी विचारा.

लाँचर मात्र अॅडमिन म्हणून चालवू नका. त्यातून उघडलेलं सगळंच अॅडमिन होऊन बसतं. वर सर्व्हरचा झेड ड्राइव्ह मॅप केलेला असेल तर तो साधारणपणे अॅडमिन प्रोग्रामला दिसत नाही, मग तिथले शॉर्टकट मुके. ज्या एखाद्या प्रोग्रामला अॅडमिन लागतंच, त्याच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्डखाली तशी टिक करून ठेवा, शेल ती पाळतं. परवानगीच्या खिडकीत कुणी ‘नो’ दाबलं तर विन३२एक्सेप्शन येतं, कोड १२२३. ते पकडून गप्प बसा, लाल एरर दाखवायची गरज नाही. स्टार्टमधून नल परत आलं तरी घाबरू नका. प्रोग्राम आधीच उघडा असेल तर नवी प्रोसेस सुरूच होत नाही.

पेनड्राइव्हवरचे शॉर्टकट मात्र यादीत घेऊ नका. २०१० मध्ये स्टक्सनेट हा व्हायरस पसरला तो एलएनकेमधल्याच एका त्रुटीतून, नुसता आयकॉन दिसला तरी पुरत होतं. ती त्रुटी मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी बुजवायचा प्रयत्न केला, पुरती बुजली ती २०१५ मध्ये, पण पेनड्राइव्हवर फोल्डरच्या रूपात बसलेले खोटे शॉर्टकट आजही भेटतात, आणि तुमचं बटण ते बिनबोभाट चालवेल.