कमिटी भाडं घेते म्हणून लॉबी शेजाऱ्याची होत नाही

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. इतर वाचकांसाठी प्रकरण थोडक्यात सांगतो. ताई डोंबिवलीत सात मजली सोसायटीत पाचव्या मजल्यावर राहतात. समोरच्या फ्लॅटवाल्यांनी लॉबीत जिन्याला लागून एक मोठं कपाट ठेवलंय, दोन सायकली आहेत आणि आपल्या दारापुढची जागा लोखंडी ग्रिल लावून कुलूपबंद केलीय. होज रीलची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या पाइपची, पेटी त्या कपाटाच्या मागे गेलीये. मध्यंतरी ताईंच्या आईला हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं तेव्हा स्ट्रेचर वळेना, शेवटी खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली नेलं. तक्रार केली तर सेक्रेटरी म्हणतात ते फ्लॅटवाले या जागेचे महिन्याला तीनशे रुपये भरतात, रीतसर पावती आहे, तुम्हालाही हवी तर घ्या जागा. आणि शेजारी म्हणतात सामानाला हात लावलात तर चोरीची कम्प्लेंट देईन.

आधी त्या तीनशे रुपयांचं बघू, कारण अर्ध्या सोसायट्यांची गाडी इथेच अडते. कमिटीला सोसायटी चालवायचा अधिकार असतो, लॉबी विकायचा किंवा भाड्याने द्यायचा नसतो. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवहारांच्या केंद्रीय कायद्याच्या, व्याख्येत जिने, लिफ्ट, जिन्याची आणि लिफ्टची लॉबी, फायर एस्केप, येण्या-जाण्याचे सामाईक रस्ते हे सगळं कॉमन एरियात धरलंय. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, (बहुतेक प्रतींत क्रमांक 169, तुमच्या प्रतीत वेगळा असेल तर मोकळ्या जागांच्या वापराचं कलम शोधा) तर सरळ लिहिलंय की जिन्याखालची जागा, गच्ची वगैरे कुणालाही, मेंबरलासुद्धा, भाड्याने द्यायची नाही, आणि कॉमन जागेत अतिक्रमण करणाऱ्याने ते काढायचं, वर जितके महिने अतिक्रमण होतं तितक्या महिन्यांसाठी मासिक मेंटेनन्सच्या पाचपट रक्कम भरायची. म्हणजे ज्या पावत्या सेक्रेटरी अभिमानाने दाखवतायत त्या उलट तुमच्याच कामाच्या आहेत, अतिक्रमण आहे हे कमिटीला माहीत होतं आणि किती दिवसांपासून माहीत होतं याचा लेखी पुरावा त्यांनीच तयार करून ठेवलाय. जमलं तर एका पावतीची कॉपी मिळवा. आणि समजा उद्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, बहुमताने ठराव केला तरी सुटकेचा रस्ता अडवायची परवानगी बहुमताने देता येत नाही.

आता सामान स्वतः हलवायचं का? नको. चोरी म्हणायला लबाडीने घेण्याचा हेतू लागतो आणि तो इथे नाहीये, त्यामुळे त्या धमकीला घाबरू नका, पण कपाटाची काच फुटली, सायकलला ओरखडा आला, धक्काबुक्की झाली की पोलीस स्टेशनात दोन्ही बाजूंची एनसी (अदखलपात्र तक्रार) होते, मुद्दा भांडणाचा बनून जातो आणि लॉबी आहे तशीच राहते. ग्रिल तर मुळीच तोडू नका.

त्याऐवजी कागद करा. फोटो काढा, तारीख दिसेल असे, त्यात होज रील कशी झाकलीये ते आणि जिन्याच्या तोंडाशी किती जागा उरते ते टेप लावून दाखवा. स्ट्रेचर अडकल्याचा दिवस आणि प्रसंग लिहा, तेव्हा मदतीला आलेल्या शेजाऱ्यांपैकी एक-दोघांची सही मिळाली तर उत्तम. हा अर्ज सेक्रेटरींना द्या, पंधरा दिवसांची मुदत घाला, आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे अर्ज नाही हे कृपया लक्षात घ्या, मी इतक्या केसेस बघतो जिथे लोक ग्रुपवर वर्षभर भांडलेले असतात आणि फाइलला लावायला एक कागद नसतो.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर थेट महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे जा, मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नावाने तक्रार. सोसायटीचा अंतर्गत मामला आहे असं सेक्रेटरी म्हणतील, ते चूक आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे आगीपासून संरक्षणाची व्यवस्था ठेवणं आणि ती चालू स्थितीत राखणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, सोसायटी झाल्यावर ती सोसायटीवरच येते. याच कायद्याच्या कलम 3 प्रमाणे दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्स्ड एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, द्यावं लागतं. ते तुमच्या सोसायटीने दिलंय का हे माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे विचारा, सोबत मंजूर नकाशा आणि फायर एनओसीची (अग्निशमन विभागाच्या ना-हरकत दाखल्याची) प्रतही मागा. नकाशात लॉबी किती रुंद दाखवलीये आणि आज किती उरलीये एवढी एक तुलना पुरे होते. अधिकारी तपासणी करून नोटीस देऊ शकतात आणि नोटीस मोडली तर तुरुंगवास आणि दंड दोन्हीची तरतूद आहे. बऱ्याच ठिकाणी नोटीस आली की सामान हलतं.

सहकार खात्याकडचा रस्ताही आहेच. उपनिबंधक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79 खाली सोसायटीला तिचं कर्तव्य करायला सांगू शकतात, आणि शेजारी तरीही हटले नाहीत तर त्याच कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात अतिक्रमण काढण्यासाठी दावा. त्याला वेळ लागतो, म्हणून फायरची तक्रार आधी.

हे सगळं मी एवढ्या आग्रहाने का सांगतोय तर 6 ऑक्टोबर 2023 ला पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पार्किंगमध्ये आग लागली. तिथे गाड्या होत्या, जुन्या कपड्यांचे गठ्ठे ठेवलेले होते, आणि किमान सात माणसं गेली, चाळीसहून जास्त जखमी झाली. खाली पेटलेल्या सामानाचा धूर जिन्यातून वर जातो, जिना धुराड्यासारखा काम करतो, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला ज्वाळा दिसायच्या आधीच श्वास घेता येत नाही. चपलांच्या रॅकमधलं रबर, फोम, कपाटाचा प्लायवूड, हे सगळं काळाकुट्ट विषारी धूर देतं. तुमच्या आई वॉकर घेऊन चालतात. लाइट गेलेले, लॉबीत धूर, त्यात कुलूपबंद ग्रिल आणि आडवी सायकल, त्यांना किती वेळ लागेल तुम्हीच विचार करा. शेजाऱ्यांच्या घरातली मुलंसुद्धा त्याच कुलपाच्या आत आहेत, हे त्यांना एकदा शांतपणे, भांडण बाजूला ठेवून सांगून बघा, काही लोक यावर ऐकतात.

आणखी एक. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमच्या दाराशीही एक चपलांचा रॅक दिसतोय, इलेक्ट्रिक डक्टला (विजेच्या वायरी जातात त्या पोकळीला) टेकलेला. अर्ज द्यायच्या आधी तो घरात घ्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेचा फोटो अर्जाला पहिला जोडा. गच्चीच्या दाराला कुलूप असतं असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय, तो मुद्दा त्याच अर्जात घाला, वेगळा नको, चावी कुणाकडे असते आणि रात्री ती मिळते का हे लेखी विचारा.