मेंदू आणि वर्तनाचा अभ्यास करून उपयोग काय, 'स्वभावाला औषध नाही' ना?

बीएला सायकॉलॉजी आहे, पुढे मेंदू आणि वर्तन हाच विषय धरायचाय, पण घरचे म्हणतात स्वभावाला औषध नाही, मग शिकून करणार काय, असं तुम्ही विचारलंय. हे वाक्य आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात मी आठ महिने ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

बाबा बँकेतून रिटायर झालेले, अतिशय मोजूनमापून वागणारे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईंच्या ताटातली जिलबी उचलून खाल्ली. पुढे काकांच्या सासूबाईंच्या दहाव्याला शीळ घालत बसले. आई तापाने फणफणली, तर म्हणाले, "मग स्वयंपाकाचं काय?" काकांचं निदान तयार होतं: वहिनींनी डोक्यावर चढवून ठेवलंय, आणि स्वभावाला औषध नाही.

विसरभोळेपणा म्हणावा तर ८३च्या फायनलचा स्कोअर, १८३ आणि १४०, तोंडपाठ. त्यामुळे डिमेन्शिया कुणाच्या डोक्यातच आला नाही. माझ्याही नाही, आणि मी एम.ए. सायकॉलॉजी! फिनिअस गेजवर दहा मार्कांचं उत्तर लिहून आलेली: रेल्वेच्या कामावरचा मुकादम, १८४८, सहा किलोची पहार गालातून शिरून डोक्यातून आरपार, माणूस वाचला पण वागणं पालटलं. घरात, पहारीशिवाय, तेच चाललं होतं.

शेवटी न्यूरोसायकॉलॉजिस्ट बाईंकडे नेलं, म्हणजे मेंदूतल्या बिघाडाचा वागण्यावर काय परिणाम होतो ते तपासणाऱ्या. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला, शाईचा रंग सांगायचा. बाबा प्रत्येक वेळी शब्दच वाचत होते. सूचना समजली होती, बाईंना परत म्हणूनही दाखवली, पण जीभ आवरत नव्हती. जिलबीचंही तेच. परक्याच्या ताटात हात घालू नये हे त्यांना पक्कं माहीत होतं. हात मागे खेचणारा मेंदूचा भाग झिजला होता. निदान झालं फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांची झीज. यात बहुतेकदा आधी रीतभात आणि माया जाते, स्मरणशक्ती बरीच नंतर.

तेव्हा विषय खुशाल घ्या. पण आकृत्यांना नावं देण्यापुरता घेणार असाल तर नको, पेशंटसमोर बसायची तयारी हवी. पेशंटची तपासणी करायची असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजीकडे जा. बंगळूरच्या निम्हान्सचं, मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांच्या राष्ट्रीय संस्थेचं, नाव ऐकलं असेलच. चेतापेशींवर संशोधन करायचं तर इथे पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आहे, पण तिथे बायोलॉजी पक्की लागेल. प्रवेशाचं विचारू नका, माझी माहिती जुनी आहे.

आणि हो, प्रत्येक तिरसट म्हातारा आजारी नसतो, पुण्यात तर नाहीच. गेजही पुढे चिलीत घोडागाडी हाकत होता, म्हणजे बराच सावरला असणार. आमच्या नोट्समध्ये ते नव्हतं. बाबांचा आजार बरा करणारं औषध नाही, तेवढ्यापुरते काका बरोबर. पण रिपोर्ट वाचून काकांनी फक्त "असं होय" म्हटलं आणि चहा मागितला. आईने तो केला नाही.